केगमधला गॅस जातो कुठे?

(गेवराई येथे मोसंबी बागायतदारांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी मोसंबीची फळगळ किंवा डिंक्या या विषयांवर बोलणार नाही. त्याबद्दल माझ्यापेक्षा जाणती माणसे बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्रात आहेत आणि आपल्या तालुक्यात खामगावला कृषि विज्ञान केंद्रही आहे. चांगले फळ व्यापाऱ्याने नेल्यावर जे मागे उरते, त्यासंबंधी मला बोलावयाचे आहे. बारीक फळ, डागाळलेले फळ, गाडीत न बसलेली चार-दोन कॅरेट. या मालाला काय भाव मिळतो ते मी आपल्याला सांगायला नको. त्याचा रस काढावा, त्यात सोडा मिसळावा आणि सोलापूर-धुळे महामार्गावर पेल्याने विकावा, असे आपल्या भागातील काही तरुणांनी मनावर घेतले आहे. विचार चांगला आहे. परंतु या धंद्यात पैसा फळावर बुडत नाही, गॅसवर बुडतो. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्यात थोडा दोष माझाही होता. तेथूनच सुरुवात करतो.

चार दिवसांत संपलेला सिलिंडर

गोदाकाठच्या एका गावातील तरुण काही वर्षे पुण्यात नोकरीला होता. पुण्यात २००९ पासून जागेवरच बिअर तयार करून तेथेच विकणाऱ्या लहान ब्रुअऱ्या सुरू झाल्या. अशाच एका ठिकाणी केग धुण्याचे व भरण्याचे काम त्याच्याकडे होते. केग म्हणजे दाब सहन करणारे, घट्ट झाकणाचे स्टेनलेस स्टीलचे पिंप. त्यात एका बाजूने कार्बन डाय ऑक्साईड वायू जातो आणि दुसऱ्या बाजूने तोच वायू आतले पेय ढकलून तोटीला आणतो. गावी परतताना या तरुणाने १९ लिटरचे दोन जुने केग, रेग्युलेटर, नळी आणि तोटी असा संच विकत आणला. पाच किलोचा सिलिंडर भरून घेतला. घरच्या मोसंबीचा रस, साखर व पाणी केगमध्ये भरून गॅस सोडला आणि महामार्गावर गाडा लावला. पहिल्या दिवशी गिऱ्हाईक खूष होते. पाचव्या दिवशी सकाळी त्याचा मला फोन आला, "सर, सिलिंडर रिकामा झालाय आन् सोडा तर नुसता पाण्यासारखा लागतोय."

मी विचारले, दाब किती ठेवला होता? म्हणाला, एक किलो. एप्रिलचे ऊन होते. गॅस कमी पडत असेल असे धरून मी फोनवरच सल्ला दिला की, दाब दोन किलो करा. त्याने सिलिंडर पुन्हा भरून आणला आणि दाब दुप्पट केला. या वेळी तो दोन दिवसांत संपला. पेल्यात मात्र सगळा फेस आणि जिभेला काहीच नाही. फवारणी पंपाचा वायसर गेलेला असताना दांडा अधिक जोराने मारावा, तसा माझा सल्ला होता. मग मी स्वतः गेलो.

जाऊन पाहतो तो केग लिंबाच्या झाडाखाली, ओले पोते गुंडाळून ठेवलेला. सावली केव्हाच सरकून गेलेली. झाकणाच्या रबरी कड्यावर मोसंबीच्या गराचा एक तंतू आडवा अडकलेला होता. केसाएवढा. सिलिंडर आणि रेग्युलेटरच्या जोडावर एकाऐवजी दोन वायसर बसविले होते, घट्ट बसावे म्हणून. साबणाचे पाणी लावताच दोन्ही ठिकाणी बुडबुडे आले. या तरुणाची आजी शेजारी बसून सारे पाहत होती. ती म्हणाली, "पेवाचं तोंड लिंपत्यात तसं शेणामातीनं लिंपून टाका की." सगळे हसले. पण म्हातारीचे बरोबर होते. ज्वारीचे पेव असो की सोड्याचा केग, सारा खेळ तोंड बंद राहण्याचा आहे. फरक एवढाच की केगचे तोंड बाहेरून लिंपून बंद होत नाही. ते आतून बंद होते. हे कसे ते पुढे सांगतो.

आधी थंडी, मग दाब

पाण्यात गॅस किती मावतो हे दोन गोष्टींवर ठरते, दाबावर आणि तपमानावर. आपण दाबाकडे पाहतो, कारण त्याला काटा असतो. तपमान विसरतो.

साधा हवेचा दाब असताना शून्य अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात सुमारे १.७ लिटर कार्बन डाय ऑक्साईड विरघळतो. १५ अंशाला जेमतेम एक लिटर. ३० अंशाला ०.६६ लिटर आणि ४० अंशाला ०.५३ लिटर. म्हणजे आपल्याकडच्या वैशाखातले पाणी बर्फाच्या पाण्याच्या एक तृतीयांश गॅस धरते.

आता ठिबक वापरणाऱ्यांना किलोचा दाब समजावून सांगण्याची गरज नाही, म्हणून त्याच भाषेत सांगतो. पेयात त्याच्या आकारमानाच्या तिप्पट गॅस हवा असेल, तर ४ अंश तपमानाला काट्यावर साधारण एक किलो दाब पुरतो. तेच ३० अंशाला साडेतीन किलोच्या वर लागतो आणि ४० अंशाला पावणेपाच किलो. त्या तरुणाच्या केगमध्ये पेय बहुधा ३० अंशांच्या आसपास होते आणि दाब होता एक किलो. गळती नसती तरी सोडा सपकच लागला असता. दोन किलो केल्यावरही तो अपुराच होता. उलट कोमट पेय दोन किलोच्या जोराने तोटीतून बाहेर पडले, बाहेरचा दाब एकदम शून्य, आणि जो काही गॅस होता तो फेस होऊन पेल्याबाहेर गेला. पुण्याच्या ब्रुअरीत हेच केग शीतखोलीत उभे असत. तेथे थंडी आपोआप मिळत होती, त्यामुळे ती या धंद्याचा भाग आहे हे त्याच्या लक्षातच आले नव्हते.

ओल्या पोत्याने रांजण गार होतो, हे खरे. पण रांजणाचा गारवा पिण्यापुरता असतो, गॅस धरण्यापुरता नसतो. केगला जुना फ्रीज किंवा डीप फ्रीजर लागतो. गाड्यावर नेताना बर्फ आणि थोडे मीठ घातलेल्या पिंपात केग गळ्यापर्यंत बुडवून ठेवावा. बर्फ बाहेर, पेय आत. कारखान्याची बर्फाची लादी पेल्यात घालू नये, तो बर्फ खाण्यासाठी केलेला नसतो. आणि भरताना पाणी आधीच गार करून भरावे. कोमट पाण्यात गॅस सोडून नंतर केग गार करणारे पुष्कळ आहेत. त्यांचा वेळही जातो आणि काटाही फसवतो.

केग मुळात सरबताचाच

येथे थोडे विषयांतर करतो. हा १९ लिटरचा उभा केग बिअरसाठी जन्मलेला नाही. अमेरिकेत शीतपेयांच्या कंपन्या दुकानांना आपला माल अशा पिंपांतून पुरवीत. पुढे त्या कंपन्यांनी खोक्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरायला सुरुवात केली, तेव्हा हे केग भंगाराच्या भावात बाजारात आले आणि घरी बिअर करणाऱ्या हौशी लोकांनी ते उचलले. केग चांगला राखण्याच्या बहुतेक युक्त्या या हौशी मंडळींनीच शोधल्या, कारण गळका सिलिंडर त्यांच्या खिशातून भरला जात होता. त्याहून जुनी गोष्ट अशी की, जोसेफ प्रिस्टले या शास्त्रज्ञाने १७६७ मध्ये इंग्लंडातील लीड्स येथे बिअरच्या आंबवण्याच्या पिंपावर पाण्याचे भांडे धरून पाण्यात गॅस उतरवला. सोडा वॉटरची कल्पना तेथून निघाली. तेव्हा आपण बिअरवाल्यांचे काही उसने घेत आहोत असे नाही, हिशेब जुना आहे.

बिअरचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट सांगतो. आपल्या राज्यात परवान्याशिवाय बिअर किंवा कोणतेही मद्य घरी तयार करणे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे, मग ते विकण्यासाठी असो की स्वतःसाठी. परदेशात राहणारे आपले नातेवाईक तेथे करीत असतील, तेथील कायदा निराळा आहे. मोसंबीच्या सोड्याला मात्र अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खालील नोंदणी पुरते. ती केल्याशिवाय गाडा लावू नये.

झाकण आतून बंद होते

आपल्यापैकी बहुतेकांनी गोळी सोडा प्यायलेला आहे. ती बाटली हायरम कॉड या इंग्रज माणसाची, १८७२ सालची. बाटलीच्या गळ्यात एक रबरी कडे असते आणि आतला गॅसच काचेची गोळी त्या कड्यावर दाबून धरतो. बूच नाही, तार नाही. आतला दाब हाच तिचा कुलूपवाला. दाब कमी झाला की गोळी सैल.

केगचे झाकण याच तत्त्वावर चालते. ते लंबगोल असते, तिरपे करून आत घालावयाचे आणि वर ओढून तोंडाला आतून टेकवावयाचे. वरची कडी फक्त ते जागेवर धरून ठेवते. खरे बंद होते ते आतल्या दाबाने. म्हणून एक किलो दाबावर झाकण नीट बसतेच असे नाही, विशेषतः जुन्या, किंचित वाकलेल्या केगचे. केग भरून झाकण लावल्यावर प्रथम दोन किलो दाब एकदम द्यावा. झाकण "टक्" करून बसते, कान दिल्यास ऐकू येते. मग सुरक्षा झडपेची कडी ओढून वरची हवा बाहेर सोडावी, पुन्हा गॅस भरावा, असे तीन-चार वेळा करावे. हवा राहिली तर ती जागाही अडवते आणि चवही बिघडवते. त्यानंतर दाब हवा तेवढा कमी करावा.

रबरी कड्यांविषयी सविस्तर सांगितले पाहिजे, कारण सारी गळती तेथे आहे. एका केगला पाच कडी असतात. झाकणाचे एक मोठे, गॅस आत जाणाऱ्या आणि पेय बाहेर येणाऱ्या अशा दोन्ही खुंट्यांना बाहेरून एकेक आणि त्या खुंट्यांच्या आत उतरणाऱ्या नळ्यांना एकेक. शेवटची दोन वरून दिसत नाहीत, खुंटी उघडावी लागते. म्हणून ती वर्षानुवर्षे कोणी बदलत नाही. गॅसच्या बाजूचे आतले कडे गेले की गॅस अगदी सावकाश, पण अखंड जातो. जुना केग घेतला की पाचही कडी बदलून टाकावीत. जुन्या रबरात आधीच्या पेयाचा वास मुरलेला असतो, तो सोड्याच्या पाण्याने धुतला जात नाही. कड्यांना खाण्याच्या वस्तूंसाठी चालणारे सिलिकॉन ग्रीस बोटाने नावापुरते लावावे. मोटारीचे ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावू नये. त्याने बरेच रबर फुगते, आणि ते पोटात जाणार हेही आहेच.

सिलिंडर व रेग्युलेटरच्या जोडावर एकच वायसर असावा. दोन लावल्यास ते एकमेकांवर सरकतात. वायसर चपटा झाला की बदलावा, पाना जास्त आवळून उपयोग होत नाही. गळणाऱ्या सुरक्षा झडपेवर एम-सील थापणारे कारागीरही मी पाहिले आहेत. असे कधीही करू देऊ नये. ती झडप गळत असेल तर नवी बसवावी. ती बुजवली तर केगला श्वास घ्यायला वाट राहत नाही.

गळती आहे की नाही, हे कसे ठरवावे

साबणाचे पाणी सर्वांना माहीत आहे. दाब दिलेल्या केगचे झाकण, खुंट्या, झडप, नळीच्या पट्ट्या आणि सिलिंडरचा जोड यांवर ब्रशने फेस लावावा आणि मिनिटभर डोळे न हलवता पाहावे. मोठी गळती लगेच दिसते. बारीक गळतीचा एक बुडबुडा फुगायला अर्धा मिनिट घेतो. आपण तोवर पुढच्या जोडावर गेलेलो असतो.

आता जेथे बहुतेकजण फसतात ती गोष्ट. संध्याकाळी केग भरला, दोन किलो दाब दिला, सिलिंडर बंद केला. सकाळी काटा अर्ध्या किलोवर. आपण म्हणतो, गळती. मग चांगली कडी काढून फेकतो, पाने आवळतो, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. वस्तुतः गॅस कोठेही गेलेला नसतो. तो पाण्यात गेलेला असतो, जेथे आपल्याला तो हवाच आहे. ज्या पाण्यात अजून गॅस मुरलेला नाही, ते पाणी वरचा गॅस पिऊन टाकते आणि काटा खाली येतो. त्यातून केग रात्री गार झाला असेल तर आणखी खाली. म्हणून गळतीची परीक्षा भरलेल्या केगवर घेऊ नये. रिकाम्या, कोरड्या केगला दोन किलो दाब द्यावा, सिलिंडरची नळी काढून घ्यावी, रात्रभर सावलीत ठेवावा आणि सकाळी त्याच थंडाव्याच्या वेळी काटा लावून पाहावा. रिकाम्या केगचा दाब पडला तरच गळती समजावी.

दुसरी परीक्षा तराजूची, आणि माझा भरवसा तिच्यावर अधिक आहे. सिलिंडरमध्ये वायू द्रवरूपात भरलेला असतो. थोडासा जरी द्रव शिल्लक असला तरी काट्यावर दाब सारखाच दिसतो, सिलिंडर अर्धा असो की पाऊण. काटा पडायला लागतो तेव्हा संपतच आलेला असतो. त्यामुळे काट्यावरून हिशेब लागत नाही, वजनावरून लागतो. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्या गळ्यावर कोरलेले असते. १८ लिटर थंड पाणी चांगले झणझणीत करून पूर्ण विकेपर्यंत साधारण २५० ग्रॅम गॅस लागतो. त्यापैकी निम्म्याहून थोडा जास्त पाण्यात मुरतो, बाकीचा पाणी ढकलण्यात जातो. पाच किलोच्या सिलिंडरवर वीस केग निघाले पाहिजेत. सोळा निघाले तर शिकाऊपणा. सहा निघाले तर दुकान थांबवावे आणि साबणाचे पाणी घ्यावे. रोज रात्री सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून आकडा भिंतीवर लिहावा. दुधाचे माप आपण रोज लिहितोच की. आणि रात्री सिलिंडरची मुख्य चावी बंद करावी. नुसते रेग्युलेटर बंद करणे पुरेसे नाही.

रस केगमध्ये घालूच नये

हे माझे मत आहे, सर्वांना ते पटेल असे नाही. केगमध्ये फक्त सोड्याचे पाणी ठेवावे आणि मोसंबीचा रस वेगळा, बर्फाच्या पेटीत. पेल्यात आधी गार रस, वरून सोडा. कारणे सांगतो.

मोसंबीचा रस ताजा गोड लागतो, ठेवला की कडवट होतो. बी व पांढरी साल दाबली गेली किंवा रस तापवला तर अधिकच. लिमोनिन नावाचे द्रव्य त्याला कारणीभूत आहे. गॅसने हा कडवटपणा जात नाही. केगमध्ये भरलेला रस तीन दिवस विकायचा म्हटले की तिसऱ्या दिवशीचे गिऱ्हाईक परत येत नाही. दुसरे, गराचे तंतू. ते झाकणाच्या कड्याखाली बसतात, खुंटीच्या बारीक झडपेत अडकतात, आणि पेयात तरंगणाऱ्या प्रत्येक कणावर गॅसचा बुडबुडा धरतो, म्हणून फेस होतो. मलमलच्या कापडातून गाळूनही थोडे राहतातच.

तिसरे कारण धोक्याचे आहे. फळाच्या सालीवर यीस्ट असते. लिटरभर रसात ८० ग्रॅम साखर धरली आणि ती सगळी आंबली, तर सुमारे ३९ ग्रॅम वायू तयार होतो, म्हणजे रसाच्या आकारमानाच्या जवळजवळ वीसपट. चांगल्या सोड्यात असतो चौपट. घरी बिअर करणारे लोक आंबवणे पूर्ण झाल्यावर लिटरला सहा-सात ग्रॅमच साखर मोजून घालतात आणि मग बाटली बंद करतात. तेवढ्यात चुकले तरी बाटल्या फुटतात. मोसंबीच्या रसात ही साखर आधीच दहा-बारा पट आहे. बंद केलेला रसाचा केग किंवा काचेची बाटली उन्हात विसरली, तर आत काय चालले आहे ते बाहेरून कळत नाही.

पेल्यात मिसळायचे असल्यास केगमधल्या पाण्यात गॅस थोडा जास्त हवा, कारण रसाने तो पातळ होणार. ४ अंशाला काट्यावर पावणेदोन किलो ठेवावा. २०० मिलिलिटरच्या पेल्यात ५० मिलिलिटर रस, १५० मिलिलिटर सोडा. मोसंबीत आंबटपणा कमी असतो, म्हणून रसात लिंबू पिळावे, चवीपुरती साखर व सैंधव घालावे. आरटीएसचे जुने प्रमाण १० टक्के रस, १० टक्के विद्राव्य घटक आणि ०.३ टक्के आम्लता असे आहे. पण १० टक्क्यांनी आपली मोसंबी खपत नाही आणि पिणाऱ्यालाही ती कळत नाही. वरच्या हिशेबाने एका केगचे १२० पेले होतात आणि त्यांना सहा लिटर रस, म्हणजे तेरा-चौदा किलो फळ लागते. दहा केगला सव्वा ते दीड क्विंटल. याने बाग रिकामी होणार नाही. मृग बहाराचे उन्हाच्या तोंडावर येणारे बारीक फळ तेवढे मार्गी लागेल. त्याहून मोठी आशा मी आपल्याला दाखवीत नाही.

पाण्यात गॅस लवकर मुरवायचा असेल तर केगमध्ये दीड-दोन लिटरची जागा मोकळी ठेवावी, पाणी बर्फासारखे गार असावे, आणि दोन किलो दाबावर गॅस चालू ठेवून केग पाच-सात मिनिटे मांडीवर हलवावा. मग तासभर स्थिर ठेवावा. हलवताना पाणी उलटे रेग्युलेटरमध्ये जाऊ नये म्हणून नळीत एकदिशा झडप असावी. घाई नसेल तर फ्रीजमध्ये पावणेदोन किलोवर चार-पाच दिवस सोडल्यास न हलवताही मुरतो.

पेल्यात फेसच येत असेल तर दाब कमी करण्याची घाई करू नये. दाब कमी केला की आतला गॅस हळूहळू पाण्यातून वर येतो आणि दोन दिवसांनी सोडा सपक. उपाय नळीचा आहे. आतून पाच मिलिमीटर व्यासाची नळी सहा-सात मीटर लांब घ्यावी आणि वेटोळे करून केगबरोबर बर्फातच ठेवावी. लांब नळीत घासत येताना पाण्याचा जोर कमी होतो आणि ते शांतपणे पेल्यात उतरते. तोटी अर्धवट उघडू नये, पूर्ण उघडावी.

दुधाच्या किटलीचा प्रयोग

केग महाग पडतो म्हणून एका गृहस्थांनी दुधाच्या ४० लिटरच्या किटलीच्या झाकणाला भोक पाडून गॅसचा वॉल्व्ह बसविला होता. मला मोठ्या उत्साहाने दाखवायला बोलावले. मी हात जोडून ते सुटे करायला लावले. साधा हिशेब करावा. किटलीच्या तोंडाचा व्यास २० सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर होते. पावणेदोन किलो दाबाला त्या झाकणावर आतून साडेपाच क्विंटल जोर येतो. कापसाच्या साडेपाच क्विंटलच्या ढिगाखाली कोणी आपले डोके देईल काय? किटलीची पकड दूध सांडू नये म्हणून असते, गॅस धरण्यासाठी नसते. रंगाचे डबे, प्लॅस्टिकची पिंपे, फवारणी पंपाच्या टाक्या यांचेही तेच. फवारणीच्या टाकीत तर औषधाचा अंश असतो. ज्या भांड्यावर कामाचा दाब कोरलेला आहे, तेच भांडे वापरावे. १९ लिटरच्या बहुतेक केगवर १३० पीएसआय, म्हणजे नऊ किलो, असा आकडा असतो. आणि झाकण उघडण्यापूर्वी झडपेने सगळा गॅस सोडून काटा शून्यावर आल्याची खात्री करावी. दाब असताना झाकण निघत नाही, ते त्याच्या भल्यासाठीच. पाना घेऊन ते उचकटू नये.

सिलिंडर रेग्युलेटरशिवाय कशालाही जोडू नये. त्याच्या आत २० अंशाला सुमारे ५८ किलो दाब असतो. ३१ अंशांच्या वर द्रव द्रवरूपात राहत नाही आणि दाब झपाट्याने चढतो. आपल्याकडे मार्चपासून सावलीतही ३१ च्या वर तपमान असते. म्हणून सिलिंडर कधीही उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नये, उभा आणि साखळीने बांधून ठेवावा, चाचणीची तारीख उलटलेला घेऊ नये, आणि खाद्यपेयांसाठीचाच गॅस भरून घ्यावा.

एक गोष्ट राहिली. पूर्वी पेव उघडले की माणसे लगेच आत उतरत नसत. आधी कंदील सोडून पाहत, कारण बंद पेवात ज्वारीच्या श्वासाने हाच वायू साठलेला असे आणि उतरलेला माणूस वर येत नसे. हवेपेक्षा जड असल्याने तो तळाशी बसतो. पाच किलोचा सिलिंडर रात्री एखाद्या खोलीत पूर्ण गळला तर सुमारे २,७०० लिटर वायू होतो. दहा बाय दहा फुटांच्या, दहा फूट उंच बंद खोलीत तो दहा टक्क्यांच्या आसपास जातो. एवढ्या हवेत माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. त्या तरुणाचा सिलिंडर झाडाखाली गळला म्हणून फक्त पैसे गेले. घरात, जेथे मुले जमिनीवर झोपतात, तेथे सिलिंडर ठेवू नये. पडवीत किंवा खालूनही हवा खेळणाऱ्या शेडमध्ये ठेवावा. अशा खोलीत डोके जड झाले, धाप लागली, तर प्रथम बाहेर यावे. आत कोणी पडलेला दिसला तरी दारे-खिडक्या सताड उघडल्याशिवाय आत धावू नये. कंदिलावर विसंबू नये, तो विझण्याआधीच माणसाला त्रास सुरू झालेला असतो.

त्या तरुणाचा गाडा पुन्हा सुरू झाला. पाचही कडी बदलली, एक वायसर काढून टाकला, जुना फ्रीज घेतला, रस वेगळा ठेवला. भिंतीवर वजनाचे आकडे आहेत. मागच्या वेळी गेलो तेव्हा एका सिलिंडरवर सतरा केग झाले होते. उरलेले तीन केग कोठे जातात ते तो अजून शोधतो आहे. माझा संशय तोटीच्या सांध्यावर आहे, त्याचा आतल्या नळीच्या कड्यावर. हंगाम संपला की दोन्ही केग सोडून पाहायचे ठरले आहे. केग कोमट पाण्याने व खाण्याच्या सोड्याने धुवावेत, कडी काढून अंधारात डबीत ठेवावीत आणि केग झाकण न लावता उपडे ठेवावेत. झाकण लावून ठेवलेल्या ओल्या केगला पावसाळ्यात जो वास येतो, तो पुढच्या बहारापर्यंत जात नाही.